त्रेपन्न दिवस : डॉ. सुभाष मुखोपाध्याय

भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी कोणती, या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. बरीच वर्षं एकच उत्तर चाललं: ६ ऑगस्ट १९८६, मुंबईचं केईएम हॉस्पिटल, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे डॉ. टी. सी. आनंद कुमार. दुसरं उत्तर आहे ३ ऑक्टोबर १९७८, कोलकाता, डॉ. सुभाष मुखोपाध्याय. आज दुसरं उत्तर बरोबर मानलं जातं. गंमत म्हणजे ते बरोबर आहे हे जगाला सांगायला जो माणूस पुढे आला, तो पहिल्या उत्तरातलाच एक होता. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

बहुतेक ठिकाणी सुभाषबाबूंची ओळख जगात दुसरे आणि भारतात पहिले एवढ्यावरच संपते. मला हा पहिल्या-दुसऱ्याचा हिशेब थोडा कंटाळवाणा वाटतो. एका गोष्टीत मात्र ते खरोखरच सगळ्या जगाच्या पुढे होते आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. त्यांनी मानवी गर्भ गोठवला, त्रेपन्न दिवस तसाच ठेवला, मग तो आईच्या गर्भाशयात सोडला आणि त्यातून एक धडधाकट मुलगी जन्माला आली. हे जमायला बाकीच्या जगाला आणखी पाचसहा वर्षं लागली.

त्यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ चा, हजारीबागचा. म्हणजे तेव्हाचा बिहार, आताचा झारखंड. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी फिजिऑलॉजी म्हणजे शरीरक्रियाशास्त्र घेतलं आणि १९५५ मध्ये तिथल्याच नॅशनल मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडले. १९५८ मध्ये कोलकाता विद्यापीठाची पीएच.डी. घेतली. एवढ्यावर समाधान न झाल्यामुळे स्कॉटलंडला एडिनबराला गेले आणि १९६७ मध्ये दुसरी पीएच.डी. घेतली, प्रजननाशी संबंधित हार्मोन मोजण्याच्या विषयावर. दोन पीएच.डी. आणि एक एमबीबीएस असलेला माणूस त्या काळात तिकडे सहज राहिला असता. हे परत आले. कोलकात्याच्या एनआरएस मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, पुढे बांकुऱ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात. कागदोपत्री ते फिजिऑलॉजीचे मास्तर होते, स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे हीच त्यांना नडली.

आता मूळ कामाबद्दल. इथे जरा सावकाश जाऊ, कारण मलाही ते दोनतीनदा वाचल्यावरच कळलं.

सुभाषबाबूंकडे आलेल्या बाईंच्या गर्भनलिका खराब होत्या. स्त्रीबीज तयार व्हायचं, पण पुढे जायला वाट नव्हती. ते बाहेर काढून, बाहेरच फलित करून परत आत सोडणं हा एक उपाय होता. इंग्लंडमध्ये स्टेप्टो आणि एडवर्ड्स हेच करत होते. निसर्गतः महिन्याला साधारण एकच बीज पिकतं, त्यामुळे ते नेमकं वेळेवर पकडणं ही मोठी कसरत. सुभाषबाबूंनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक बीजं पिकवली. ती काढायला त्यांनी पोटाला भोक पाडून दुर्बिणीने जायचा रस्ताही घेतला नाही, योनीमार्गाने छोटी शस्त्रक्रिया केली. पण इंजेक्शनांची एक अडचण असते. बीजं भरपूर मिळतात, पण त्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर बिघडलेलं असतं आणि गर्भ तिथे नीट रुजत नाही. मग करायचं काय? त्यांनी काढलेलं उत्तर मला फार आवडतं: थांबायचं. गर्भ गोठवून ठेवायचा आणि बाईंचं शरीर पूर्ववत झालं की पुढच्या एखाद्या साध्या, विनाइंजेक्शनच्या महिन्यात तो आत सोडायचा.

बोलायला सोपं आहे. टोमॅटो फ्रीजरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी बाहेर काढला तर त्याचा कसा चिखल होतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पेशीच्या आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि बर्फाचे काटे पेशी फाडतात. ते टाळायला पेशीत आधी एक असं रसायन शिरू द्यावं लागतं जे पाण्याची जागा घेईल आणि काटे होऊ देणार नाही. १९४९ मध्ये लंडनमध्ये पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि पार्क्स या तिघांनी ग्लिसरीनचा हा गुण दाखवून दिला, तोसुद्धा बराचसा योगायोगाने. सुभाषबाबूंनी डायमिथाइल सल्फॉक्साइड वापरलं. आठ पेशींचा गर्भ हळूहळू थंड करत उणे १९६ अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवला. या कामात त्यांचे जोडीदार होते जादवपूर विद्यापीठाचे सुनीत मुखर्जी. ते अन्न तंत्रज्ञानातले, म्हणजे गोठवण्याचं शास्त्र त्यांच्या रोजच्या कामातलं. तिसरे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांति भट्टाचार्य. बस, एवढीच टीम. यांचा पेपर छापला कुठे, तर इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्समध्ये. गोठवण्याच्या शास्त्राचं नियतकालिक स्त्रीरोगतज्ज्ञ कशाला उघडून बघतील?

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ट्राउन्सन आणि मोर यांनी गोठवलेल्या गर्भापासून गर्भधारणा झाल्याचं १९८३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांचं रसायन तेच होतं आणि गर्भाचा टप्पाही साधारण तोच. आज जगभरात कितीतरी ठिकाणी सगळे गर्भ आधी गोठवून नंतरच्या महिन्यात सोडण्याची पद्धत नेहमीची झाली आहे. कारणही तेच देतात, जे सुभाषबाबूंनी १९७८ मध्ये ओळखलं होतं.

मी या नावापर्यंत पोचले ते साहित्यामुळे नाही. माझ्या मावसबहिणीला हॉजकिन्स लिम्फोमा निघाला. वय १९. (तिने हा लेख वाचला आहे आणि नाव न घालण्याच्या अटीवर हो म्हटलं आहे.) राहणं उज्जैनला, ट्रीटमेंट इंदूरला. किमो सुरू करण्याआधी डॉक्टरांनी सांगितलं की औषधांमुळे अंडाशयांचं नुकसान होऊ शकतं, पुढे मूल हवं असेल तर आत्ताच काहीतरी करून ठेवता येईल, आणि विचार करायला आठवडाभरच आहे. मावशीला पहिल्यांदा कळेचना, मुलीचा जीव वाचवायची घाई असताना हा माणूस लग्नानंतरच्या गोष्टी का काढतोय.

दोन पर्याय होते. एक म्हणजे स्त्रीबीजं गोठवणं. त्याला दहाबारा दिवस इंजेक्शनं लागतात आणि पुढे मूल हवं असेल तर ते प्रयोगशाळेतूनच. दुसरा म्हणजे अंडाशयाच्याच वरच्या थराचा तुकडा दुर्बिणीने काढून, त्याच्या पातळ पट्ट्या करून गोठवणं. मुलगी जन्मते तेव्हाच तिची सगळी कच्ची बीजं या थरात असतात, छोट्याशा पट्टीतसुद्धा शेकड्यांनी. इंजेक्शनं नकोत, वाट बघणं नको, दोनतीन दिवसांत काम होतं. वयात न आलेल्या लहान मुलींसाठी तर हाच मार्ग. बरी झाल्यावर पट्ट्या परत तिच्याच शरीरात बसवायच्या. त्या धरल्या तर पाळी परत येते, आणि मूल नैसर्गिकपणे राहू शकतं. सगळ्या कॅन्सरना हे चालत नाही. ल्युकेमियात त्या पट्टीबरोबर रोगाच्या पेशीही परत येण्याची भीती असते.

याचा इतिहास वाचताना मला एडिनबरा परत भेटलं. अंडाशयाची ऊती गोठवण्याचे प्रयोग १९५० च्या दशकात लंडनला पार्क्स यांच्याच प्रयोगशाळेत उंदरांवर झाले होते. मग विषय बराच काळ मागे पडला. १९९४ मध्ये एडिनबरालाच रॉजर गॉस्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीचं अंडाशय गोठवून परत बसवलं आणि मेंढी व्याली. माणसाच्या बाबतीत पहिली बातमी २००४ मध्ये बेल्जियममधून आली. जाक दोने यांच्या पेशंटला १९९७ मध्ये हॉजकिन्स झाला होता, आमच्या घरी आला तोच. तिची ऊती तेव्हा काढून ठेवली होती. २००३ मध्ये ती परत बसवली आणि पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली, गर्भ नैसर्गिकपणे राहून. ते बीज परत बसवलेल्या पट्टीतलंच की जुन्या अंडाशयातलं, यावर तेव्हा वाद झाला. पुढे मात्र ठिकठिकाणी अशी मुलं जन्मली. दोने ज्या विद्यापीठात होते ते लूवाँचं कॅथलिक विद्यापीठ, हे वाचून मी जरा थबकलेच.

थबकले, कारण आमच्या घरात हा प्रश्न वैद्यकीय होता तितकाच धर्माचाही होता. ख्रिस्तसभेची भूमिका स्पष्ट आहे. शरीराबाहेर गर्भ तयार करणं तिला मान्य नाही, गर्भ गोठवणं तर त्याहून नाही. १९८७ चा आणि २००८ चा असे व्हॅटिकनचे दोन दस्तऐवज त्यावर आहेत, आणि दुसऱ्यात अशा कामासाठी स्त्रीबीजं गोठवण्यालाही नकार आहे. आमच्या पॅरिशच्या फादरांनी घाईने उत्तर दिलं नाही. त्यांनी दोन्ही दस्तऐवज मला वाचायला लावले आणि मग दोघांनी बसून विचार केला. ऊती स्वतःची, बसवायची स्वतःच्याच शरीरात, मूल राहणार ते नवराबायकोच्या सहवासातून. यात गर्भ बाहेर तयारही होत नाही आणि गोठवलाही जात नाही. आमचं एकमत झालं. बहिणीने त्याआधीच हो सांगून टाकलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

पण सुभाषबाबूंनी जे केलं ते नेमकं तेच, ज्याला माझा धर्म नाही म्हणतो. ते लपवून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. आठ पेशींचा तो जीव माझ्यासाठी वस्तू नाही, आणि नायट्रोजनच्या टाक्यांमध्ये विसरून गेलेल्या गर्भांबद्दल वाचलं की मला अस्वस्थ व्हायला होतं. तरी मला एक गोष्ट आठवत राहते. १९७८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये लुईज ब्राउन जन्मली तेव्हा व्हेनिसचे कार्डिनल आल्बिनो लुचानी यांना पत्रकारांनी विचारलं होतं. त्यांनी ख्रिस्तसभेची शिकवण सोडली नाही, पण बाळाला मनापासून शुभेच्छा दिल्या आणि आईवडिलांना दोष द्यायला नकार दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते पोप झाले, पहिले जॉन पॉल. तेहतीस दिवसांत वारलेही. कोलकात्याची मुलगी त्यानंतर पाच दिवसांनी जन्मली.

लुईज जन्मली २५ जुलैला, आणि बरोबर सत्तर दिवसांनी ही. नवरात्राचे दिवस होते म्हणून तिला दुर्गा म्हटलं गेलं.

उज्जैनमध्ये वाढलेल्या कोणालाही मूल कोणाचं हा प्रश्न नवा नसावा. वेताळाने विक्रमाला घातलेलं एक कोडं आठवा. सुळावर चढणारा चोर मरण्याआधी लग्न करून, पैसे देऊन ठेवतो, की माझ्या मागे हिला मूल व्हावं आणि ते माझ्या नावाचं असावं. पुढे एका ब्राह्मणापासून मुलगा होतो, त्याला वाढवतो एक राजा. तो मुलगा गयेला पिंड द्यायला जातो तेव्हा पाण्यातून तीन हात वर येतात. (संस्कृत कथेतला राजा उज्जैनचा नाही, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. इथे हे मोठ्याने बोलू नये.) अशी कोडी आपण आवडीने ऐकतो. तेच कोडं शेजारच्या घरात घडलं की मात्र तोंडं फिरतात. दुर्गाच्या घरच्यांना प्रसिद्धी नको होती, लोक काय म्हणतील याची धास्ती होती, आणि सुभाषबाबूंनी त्यांचा शब्द पाळला. त्यामुळे दाखवायला पुरावा असूनही तो चारचौघांत मांडता येईना.

नोव्हेंबर १९७८ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती बसवली. समितीचे प्रमुख होते रेडिओफिजिक्सचे प्राध्यापक. विषय प्रजननशास्त्राचा, प्रमुख रेडिओ लहरींचे. बाकीच्यांतही या विषयावर प्रत्यक्ष काम केलेलं कोणी नव्हतं. करणार तरी कोण, जगातच असे लोक मूठभर होते. पण मग ज्याने केलं त्याचं नीट ऐकून तरी घ्यायचं. साधी साधनं, छोटी जागा, त्यात लोडशेडिंगचं कोलकाता. एवढ्यावर हे शक्यच नाही असं मानणं सोपं होतं. द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्याला प्लग लागत नाही, ते थर्मासासारखं असतं, वेळोवेळी भरलं की झालं. समितीने दावा खोटा ठरवला.

इथे मला राग कोणाचा येतो ते सांगते. शंका घेणाऱ्यांचा नाही. एवढ्या मोठ्या दाव्यावर शंका घ्यायलाच हवी, आणि दुर्गाच्या घरच्यांना बोलायचं नव्हतं ही समितीचीही अडचण होती. पण शंका घेतल्यावर त्याला ते पुन्हा करून दाखवायला द्यायचं असतं. १९७९ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठातून त्यांना आपलं काम मांडायला बोलावणं आलं. तिथे प्रश्न विचारू शकतील असे जाणकार होते. सरकारने जायला परवानगी दिली नाही. सरकारी नोकर असल्यामुळे ते परस्पर जाऊ शकत नव्हते. पुढे हृदयविकाराचा झटका आला. आणि जून १९८१ मध्ये त्यांची बदली झाली, कोलकात्याच्या नेत्ररोग संस्थेत. ज्याने आयुष्यभर प्रजननाच्या हार्मोनवर काम केलं त्याला डोळ्यांच्या विभागात इलेक्ट्रोफिजिऑलॉजी शिकवायला पाठवलं. या बदलीत त्यांचा विषयच त्यांच्या हातातून गेला.

१९ जून १९८१ ला त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. वय ५०. मागे पत्नी नमिता, त्या शिक्षिका होत्या. यावर मी जास्त लिहिणार नाही. अशा मृत्यूचं कारण एकच असतं असं मला वाटत नाही, आणि त्याला हौतात्म्याचा मुलामा देणंही मला बरोबर वाटत नाही. ते जगायला हवे होते. अजून पाचसात वर्षं जगते तर त्यांनी मांडलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांच्या हातून खरी झालेली त्यांना बघायला मिळाली असती, आणि मला खात्री आहे की ते त्यावर चिडून एखादा पेपर लिहिते.

१९९० मध्ये तपन सिन्हांनी ‘एक डॉक्टर की मौत’ हा हिंदी सिनेमा काढला. रमापद चौधुरींच्या कथेवरून. पंकज कपूर डॉक्टर, शबाना आझमी त्यांची पत्नी, आणि अगदी तरुण इरफान पत्रकाराच्या भूमिकेत. सिनेमातला डॉक्टर कुष्ठरोगाची लस शोधतो. समिती, बदली, अडवलेला परदेश प्रवास हे सगळं ओळखीचं आहे, फक्त मूल कुठे नाही. माझ्या मते सिनेमा चांगलाच आहे, पण या बदलामुळे गोष्ट सोपी झाली. कुष्ठरोगाच्या लशीला कोण नाही म्हणेल?

आता आनंद कुमार. १९८६ च्या मुंबईच्या यशात त्यांचा वाटा होता आणि पहिलेपणाचा मान त्यांच्याकडे होताच. १९९७ च्या सुरुवातीला एका परिषदेसाठी ते कोलकात्याला गेले, तेव्हा सुभाषबाबूंचे हस्तलिखित कागद त्यांच्या हाती आले. त्यांनी ते वाचले. टिपणांतले तपशील तपासले, दुर्गाच्या आईवडिलांशी बोलले. मग त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून जाहीर केलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखोपाध्याय आहेत. म्हणजे आपण नाही. गप्प राहिले असते तर कोणी विचारायलाही आलं नसतं. सोळा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची वही उघडून त्यांनी समितीने जे करायचं ते केलं.

पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही सुभाषबाबूंच्या कामाची दखल घेतली. २००३ मध्ये दुर्गा पंचवीस वर्षांची झाली तेव्हा ती स्वतःहून लोकांसमोर आली, त्यांच्या स्मृतीच्या कार्यक्रमात. सुनीत मुखर्जी, ज्यांनी तिला त्रेपन्न दिवस नायट्रोजनमध्ये सांभाळलं होतं, ते इतकी वर्षं आपल्या मित्राचं म्हणणं खरं आहे हेच सांगत राहिले होते.